चिलटाच्या मूर्च्छेतून मज्जातंतूंच्या दारापर्यंत

पावसाळ्यात अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या हातगाडीवर फळवाला जास्त पिकलेली केळी एका बाजूला काढून ठेवतो. त्या केळ्यांभोवती बारीक, लाल डोळ्यांची चिलटे घोंगावत असतात. गिऱ्हाईक हात झटकून त्यांना हाकलते, भाव विचारते आणि लोकल पकडायला निघून जाते. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या या जीवाचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या नेव्हीनगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) हीच चिलटे काचेच्या नळ्यांत वाढवून एका शास्त्रज्ञाने आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांच्या अभ्यासात घालवली. मज्जातंतूंमधून संदेश धावतो कसा, आणि तो अडतो तेव्हा नेमके काय बिघडलेले असते, हा त्यांच्यापुढील एक प्रश्न होता. या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. ओबैद सिद्दिकी.

२६ जुलै २०१३ रोजी बंगळूर येथे सिद्दिकी यांचे निधन झाले. त्याला एका तपाहून अधिक काळ लोटला. भारतात रेण्वीय जीवशास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. पद्मविभूषण, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व असे सन्मान त्यांना लाभले. तरीही ज्या शहरात त्यांनी आपल्या कारकिर्दीची सर्वांत भरीव वर्षे घालवली, त्या मुंबईत त्यांचे नाव विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही. वास्तविक बोरिवलीच्या घरात संध्याकाळी डासांसाठी लावली जाणारी वडी, मुलुंडच्या दंतवैद्याने हिरडीत दिलेले भुलीचे इंजेक्शन आणि ताप चढताच झटके येणारे एखादे मूल, या तिन्हींचा धागा त्या प्रश्नाशी जोडलेला आहे. तो जुळायला अनेक वर्षे जावी लागली.

तुरुंग, गारपीट आणि ग्लासगो

ओबैद सिद्दिकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. उच्च शिक्षण त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात घेतले. स्वातंत्र्यानंतरचा तो अस्वस्थ काळ होता. तरुण ओबैद डाव्या विद्यार्थी चळवळीत ओढले गेले आणि त्यापायी त्यांना सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. ऐन शिकण्याच्या वयातील ही खोट मोठी होती. मात्र सुटकेनंतर ते पुन्हा विद्यापीठात परतले आणि त्यांनी वनस्पतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी गव्हाच्या अनुवंशशास्त्रावर काम सुरू केले. पिकावरील प्रयोगाला वेळ लागतो. पेरणी, संकर, कापणी आणि पुन्हा पेरणी अशा चक्रात एका प्रश्नाचे उत्तर मिळायला वर्ष जाते. सिद्दिकी यांच्या प्रयोगाचे पीक शेतात उभे असताना गारपीट झाली आणि सारे आडवे झाले. शेतकऱ्याच्या वाट्याला येणारे हे दुःख संशोधकाच्या वाट्याला आले होते. आभाळाच्या मर्जीवर अवलंबून न राहणारा, झपाट्याने वाढणारा आणि प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मावणारा जीव निवडायचा, असा निश्चय त्यांनी केला. पुढील साऱ्या आयुष्याला वळण देणारा हा निर्णय होता. बुरशी, जीवाणू आणि शेवटी चिलट ही त्यांच्या संशोधनाची वाट त्या गारपिटीपासून सुरू होते.

सूक्ष्मजीवांच्या अनुवंशशास्त्रासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गेले. तेथे ग्विदो पोन्तेकोर्वो हे त्यांचे मार्गदर्शक होते. पोन्तेकोर्वो स्वतः फॅसिस्ट इटलीतून परागंदा झालेले ज्यू शास्त्रज्ञ. अॅस्परजिलस या बुरशीच्या अनुवंशशास्त्राचे ते अग्रणी होते. याच बुरशीच्या एकाच जनुकाच्या आत जनुकीय देवाणघेवाण कशी होते, याचा सूक्ष्म अभ्यास सिद्दिकी यांनी केला. ही देवाणघेवाण जनुकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विशिष्ट दिशेने कमी-जास्त होत जाते, असे त्यांच्या लक्षात आले. या कामावर १९६१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

तेथून ते अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अॅलन गॅरन यांच्याबरोबर त्यांनी जीवाणूंमधील एक कोडे हाती घेतले. काही उत्परिवर्तनांमुळे प्रथिन तयार होण्याचे काम अर्ध्यावरच थांबते. परंतु दुसऱ्याच एखाद्या जनुकातील बदल हा दोष झाकून टाकतो. गॅरन आणि सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामामुळे जनुकीय लिपीतील पूर्णविरामांचा, म्हणजे प्रथिनाची साखळी कोठे थांबवायची हे सांगणाऱ्या संकेतांचा, शोध घेण्याची वाट खुली झाली. वयाच्या तिशीत असलेल्या या तरुणाला अमेरिकेत उत्तम भवितव्य होते. ते परतले.

भाभांचे निमंत्रण

डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टीआयएफआर ही प्रामुख्याने गणित आणि भौतिकशास्त्राची संस्था होती. नेव्हीनगरच्या समुद्रकाठी उभारलेल्या तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले. त्याच वर्षी भाभांनी सिद्दिकी यांना तेथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करण्यासाठी बोलावले. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड उत्तरायुष्यात जीवशास्त्राकडे वळले होते. भाभा आणि सिद्दिकी यांच्यातील दुवा तेच ठरले.

हा निर्णय दोन्ही बाजूंनी धाडसाचा होता. भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेत जीवाणूंच्या काचपात्रांना काय स्थान, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. डीएनएच्या रचनेचा उलगडा होऊन जेमतेम नऊ वर्षे झाली होती आणि या विषयाचे शिक्षण देणारी व्यवस्था देशात जवळपास नव्हती. रसायने व उपकरणे परदेशातून येत आणि परकीय चलनाची चणचण होती. भाभांची पद्धत वेगळी होती. आधी माणूस निवडायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. सिद्दिकी यांनी हीच पद्धत पुढे आयुष्यभर पाळली. यीस्टच्या अनुवंशशास्त्रात नाव मिळवणारे पबित्र मैत्रा यांच्यासारखे सहकारी या विभागात आले. सिद्दिकी यांनी स्वतः जीवाणूंच्या संकरात एका पेशीचा डीएनए दुसरीत कसा सामावला जातो, याचा छडा लावला. १९६३ मध्ये हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचा आल्प्स पर्वतातील विमान अपघातात मृत्यू झाला. पाठीराखा गेला तरी विभाग टिकला, कारण तोवर तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता.

उघडणारी आणि मिटणारी दारे

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दिकी यांनी पुन्हा एकदा विषय बदलला. जीवाणूंच्या जनुकांचे गूढ बरेचसे उकलले होते. आता मज्जासंस्थेचे कोडे त्यांना खुणावू लागले. त्या काळी या विषयातील ज्ञान कोठवर आले होते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळत नाही.

विजेच्या तारेतून वीज वाहते तसा मज्जातंतूतील संदेश वाहत नाही. मज्जातंतूच्या आवरणाच्या आत आणि बाहेर क्षारांचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, असतात. बाहेर सोडियम अधिक, आत पोटॅशियम अधिक. मज्जातंतू निवांत असताना आवरणाच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश येतो तेव्हा आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे उघडतात आणि सोडियमचे कण आत घुसतात. वातानुकूलित लोकलचे दार फलाटावर उघडताच गर्दी आत लोटावी, तसाच हा प्रकार. जेमतेम एक सहस्रांश सेकंदात हे दार आपोआप बंद होते. मग पोटॅशियमची दारे उघडून ते कण बाहेर पडतात आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते. एका जागी झालेल्या या उलथापालथीमुळे शेजारची दारे उघडतात, त्यांच्यामुळे त्यांच्या शेजारची. असा हा उघडझापीचा क्रम मज्जातंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. माणसाच्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर मीटर असतो.

अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये या प्रवाहांचे गणित मांडले. त्यासाठी त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांच्या गणितात दारे होती, ती प्रत्यक्षात कशाची बनलेली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकेका दारातून वाहणारा प्रवाह मोजण्याची युक्ती एर्विन नेहर आणि बर्ट झाकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये शोधून काढली. दारांना आज आयनमार्ग किंवा आयन चॅनल म्हटले जाते आणि ती प्रथिनांची असतात, हे शाळेतील विद्यार्थ्यालाही सांगता येते. त्या वेळी हे दार शोधायचे कसे, हाच पेच होता.

अनुवंशशास्त्रज्ञाकडे या पेचावर एक उपाय होता. यंत्रातील कोणता भाग काय काम करतो हे कळत नसेल, तर एकेक भाग बिघडवायचा आणि यंत्र कसे अडते ते पाहायचे. प्रथिन जनुकाच्या आज्ञेने बनते. म्हणून जनुक बिघडवला की ते प्रथिन बिघडते. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत सेमूर बेन्झर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिलटांवर हाच मार्ग अवलंबला होता. सिद्दिकी त्यांच्याकडे गेले आणि दोघांची जोडी जमली. चिलटाची पिढी साधारण दहा दिवसांत तयार होते, एका नळीत शेकडो मावतात आणि गारपिटीचे भय नसते.

ऊब लागताच कोसळणारी माशी

कॅनडातील डेव्हिड सुझुकी यांच्या प्रयोगशाळेने १९७१ मध्ये एका विलक्षण चिलटाचे वर्णन केले होते. २२ अंश सेल्सिअस तापमानाला ते नेहमीसारखे चालते, उडते. तापमान २९ अंशांवर नेले की ते लुळे पडून कोसळते आणि पुन्हा थंड केले की क्षणार्धात उठून चालू लागते. त्याच्या बिघडलेल्या जनुकाला पॅरालिटिक, थोडक्यात पॅरा, असे नाव मिळाले. शिबिरे हे दुसरे उत्परिवर्तनही त्याच प्रयोगशाळेतले. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ बधिरता. सिद्दिकी आणि बेन्झर यांनी या जोडीत तिसऱ्याची भर घातली. हे चिलट उष्णतेने कोसळे आणि थंड केल्यावरही लवकर शुद्धीवर येत नसे. म्हणून त्याचे नाव पडले कोमॅटोज, म्हणजे मूर्च्छित.

प्रश्न असा होता की, चिलट कोसळते तेव्हा नेमके काय निकामी होते? पाय हलत नाहीत याची कारणे अनेक असू शकतात. स्नायू दुबळा झाला असेल, मज्जातंतू संदेश वाहून नेत नसेल, किंवा मज्जातंतूच्या टोकाशी संदेश पुढच्या पेशीला दिला जात नसेल. गाडी फलाटावर आली नाही तर दोष इंजिनाचा, रुळांचा की सिग्नलचा हे शोधावे लागते, तसेच हे. सिद्दिकी आणि बेन्झर यांनी केसाहून बारीक विद्युदग्रे चिलटाच्या उड्डाणाच्या स्नायूंत रोवली आणि तापमान वाढवत त्यातील विजेच्या हालचाली नोंदवल्या. तीन मिलिमीटरच्या जिवंत कीटकावर असे मोजमाप करणे हे हाताच्या कसबाचे आणि अपार धीराचे काम आहे. स्नायू शाबूत आहेत, बिघाड त्यांच्यापर्यंत संदेश पोहोचवणाऱ्या मज्जासंस्थेत आहे, हे या नोंदींतून पुढे आले. वरकरणी एकसारख्या दिसणाऱ्या लुळेपणामागे वेगवेगळ्या जनुकांचे वेगवेगळे दोष आहेत, हेही दिसले. हा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सिद्दिकी यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

आज हे सोपे वाटते. त्या काळी मज्जासंस्थेसारखी गुंतागुंतीची व्यवस्था एकेका जनुकाच्या साहाय्याने उलगडता येईल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. वागणूक, हालचाल, संवेदना या गोष्टी जनुकांच्या पलीकडच्या आहेत, असा समज होता. मूर्च्छित चिलटांनी त्याला धक्का दिला.

गोडाची ओढ, खारटाचा तिटकारा

मुंबईत परतल्यावर सिद्दिकी यांनी आपल्या विभागाचा रोख चिलटाच्या चवीकडे आणि गंधाकडे वळवला. मूळ गोव्याच्या कुटुंबातील आणि केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनी आयर्लंडमध्ये शिकून टीआयएफआरमध्ये आल्या होत्या. या दोघांनी ज्यांना चव किंवा वास नीट कळत नाही अशी चिलटे शोधून काढली. चिलटाच्या पायांवर आणि सोंडेवर चव घेणारे बारीक केस असतात. पायाला साखरेचे पाणी लागले की ते आपसूक सोंड बाहेर काढते, आणि फार खारट लागले की दूर होते. प्रत्येक केसाच्या मुळाशी गोडाची वेगळी, खारटाची वेगळी अशा चेतापेशी असतात.

१९८७ मध्ये सिद्दिकी यांच्या गटाने नेचर या नियतकालिकात अशा एका चिलटाची माहिती दिली, ज्याची गोड ओळखणारी पेशी मिठालाही दाद देऊ लागली होती. परिणामी जे खारट टाळायचे त्याकडेच ते ओढले जात होते. एका जनुकातील बदलाने आवड आणि नावड यांची अदलाबदल केली होती. जिभेवरची चव हीसुद्धा शेवटी कोणती पेशी कोणत्या रसायनाला पाहून आपली दारे उघडते, यावर ठरते, याचा तो रोकडा पुरावा होता. रॉड्रिग्ज पुढे स्वतः या क्षेत्रातील आघाडीच्या संशोधक झाल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

तेरा वर्षांनी आलेले उत्तर

पॅरा जनुकाचे खरे रूप १९८९ मध्ये उघड झाले. अमेरिकेतील बॅरी गनेत्झकी यांच्या गटाने तो जनुक वेगळा काढला आणि तो सोडियमच्या आयनमार्गाचाच जनुक निघाला. हॉजकिन आणि हक्सली यांच्या गणितातील दार अखेर चिलटाच्या गुणसूत्रावर सापडले. त्याआधी १९८७ मध्ये पोटॅशियमच्या दाराचा पहिला जनुकही चिलटातच मिळाला होता. शिबिरे आणि कोमॅटोज यांचे जनुक मज्जातंतूंच्या टोकाशी रसायनांच्या पुड्या तयार करणाऱ्या व सोडणाऱ्या यंत्रणेचे भाग निघाले. तीन लुळी चिलटे आणि संदेशवहनाच्या तीन वेगळ्या कड्या. प्रयोगापासून उत्तरापर्यंत तेरा वर्षे गेली होती.

माणसात सोडियमच्या या आयनमार्गाचे नऊ प्रकार आहेत, चिलटात मात्र तो एकच जनुक सर्व काम पाहतो. दंतवैद्य हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देतो तेव्हा ते औषध हेच दार अडवते. दात तोच, दुखणे तेच, पण संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइनसारखी औषधे याच दारांची अतिरेकी उघडझाप आवरतात. कोकणातील लाल विंचवाचे विष हे दार वेळेवर मिटू देत नाही, म्हणूनच त्याचा दंश शरीरभर थैमान घालतो.

डासांविरुद्धची वडी, कॉइल आणि विजेवर चालणारी द्रव औषधे यांत पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने असतात. ती डासाच्या सोडियम आयनमार्गाला उघडाच ठेवतात. मज्जातंतू थांबेनासे होतात आणि डास थरथरत खाली पडतो. काही डास हल्ली या औषधांना जुमानत नाहीत. याच आयनमार्गाच्या जनुकातील एखाद्या अक्षराचा बदल हे त्यामागील एक कारण असल्याचे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. हिवतापाविरुद्धच्या मोहिमांत डासांच्या या जनुकाची तपासणी केली जाते, ती पॅरा जनुकाची ओळख आधी पटलेली होती म्हणून.

ताप चढला की झटके येणाऱ्या काही मुलांमध्ये मेंदूतील सोडियम आयनमार्गाचा एक जनुक सदोष असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी माणसातील असा एक दोष चिलटाच्या पॅरा जनुकात उतरवला. ऊब लागताच त्या चिलटांना झटके येऊ लागले. तापमान चढताच कोसळणाऱ्या चिलटापासून निघालेली वाट चाळीस वर्षांनी आजारी मुलाच्या उशाशी येऊन पोहोचली.

मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न करदात्या नागरिकाला पडतो आणि तो गैर नाही. १९७६ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर एवढेच असते की ठाऊक नाही. लुळ्या चिलटांना वेळ देणारा कोणीतरी होता, म्हणून पुढचे सारे घडू शकले.

महाबळेश्वर ते बंगळूर

सिद्दिकी यांच्या कामाचा दुसरा भाग संस्था उभारण्याचा. १९७५ मध्ये त्यांनी महाबळेश्वर येथे आधुनिक जीवशास्त्राची वार्षिक परिसंवादमाला सुरू केली. देशभरातील तरुण संशोधकांनी एकत्र यावे, ज्येष्ठांशी बरोबरीने वाद घालावा, अर्धवट काम निःसंकोच मांडावे, असा तिचा हेतू होता. परदेशी जाणे दुर्मीळ असलेल्या त्या काळात अनेकांना विषयातील ताजे वारे तेथेच लागले. चिलटाच्या मज्जासंस्थेवरील एक आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली आणि तिचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील नामवंत त्यासाठी टीआयएफआरमध्ये आले होते. १९८४ मध्ये सिद्दिकी रॉयल सोसायटीवर निवडले गेले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

मुंबईत जागा अपुरी पडू लागली होती. जीवशास्त्राचे स्वतंत्र केंद्र असावे ही कल्पना सिद्दिकी यांनी अनेक वर्षे लावून धरली. मंजुरी, निधी, जागा या साऱ्या दिव्यांतून जात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूर येथे टीआयएफआरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) सुरू झाले. सिद्दिकी त्याचे पहिले संचालक. माणसे निवडताना ते विषयापेक्षा उमेद पाहत आणि नव्याने आलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून स्वतःची प्रयोगशाळा व स्वतःचे प्रश्न ठरवण्याची मुभा देत. भाभांनी तीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर जो विश्वास टाकला होता, तो त्यांनी पुढच्या पिढीवर टाकला. आज हे केंद्र देशातील आघाडीच्या जीवशास्त्र संस्थांपैकी एक आहे.

संचालकपद सोडल्यावर ते निवृत्तीच्या वाटेला गेले नाहीत. प्रशासनाची फाईल मिटली आणि चिलटांच्या नळ्या पुन्हा हाती आल्या. चिलट वास कसे लक्षात ठेवते आणि कसे विसरते, या प्रश्नाने उत्तरायुष्यात त्यांना झपाटले होते. सरोद ते मन लावून वाजवत, कॅमेरा घेऊन भटकत. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले आणि २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही ते प्रयोगशाळेत जात होते.

शेवटचा आठवडा

२१ जुलै २०१३ रोजी बंगळूरमध्ये घराजवळच्या रस्त्यावर एका दुचाकीने त्यांना धडक दिली. डोक्याला गंभीर मार बसला. पाच दिवस शुद्धीवर येण्याची वाट पाहिली गेली, पण ते उठले नाहीत. ते ८१ वर्षांचे होते. मूर्च्छित चिलटे पुन्हा चालू लागताना ज्याने असंख्य वेळा पाहिली, त्याच्या स्वतःच्या मेंदूवरचा हा आघात परतवण्याची विद्या कोणाजवळही नव्हती. रस्त्यावर चालणाऱ्या वृद्ध माणसाचा जीव किती स्वस्त झाला आहे, हे बंगळूरइतकेच मुंबईलाही सांगण्याची गरज नाही.

त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र थांबले नाहीत. २०२१ चे वैद्यकातील नोबेल उष्णता आणि स्पर्श ओळखणाऱ्या आयनमार्गांच्या शोधासाठी देण्यात आले. त्यांतील उष्णतेच्या दाराच्या घराण्याचे नाव एका चिलटाच्या उत्परिवर्तनावरूनच पडलेले आहे. २०२४ मध्ये प्रौढ चिलटाच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या मोजल्या गेल्या. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूतील प्रत्येक तार आता कागदावर आहे. तिच्यातून संदेश जातो तो त्याच दारांच्या उघडझापीने, ज्यातील एक बिघडले की चिलट कोसळते, हे ओळखून त्याचा माग काढणाऱ्यांपैकी एक माणूस मुंबईत काम करत होता.

हातगाडीवरच्या पिकल्या केळ्यांवर चिलटे आजही येतात. ती हाकलणाऱ्या हाताला आज्ञा पोहोचते तीही त्याच दारांतून.